विमानतळावरील धूर आणि विजेचीं वाहनें

विमानतळावर गेलेला मनुष्य विमानाकडे पाहतो. विमानाच्या पायांशीं चाललेल्या धांदलीकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. विमान येऊन उभें राहतें न राहतें तोंच त्याच्याभोंवतीं लहानमोठ्या गाड्यांचा गराडा पडतो. लग्नघरीं वऱ्हाड उतरलें म्हणजे पाणी, चहा, बिछाने, सामान यांसाठीं चोहोंकडून माणसें धांवतात, तशीच ही धांवपळ असते. कोणी शिडी आणून दाराला लावतो. कोणी चालता पट्टा विमानाच्या पोटाशीं भिडवून पेट्या खालीं उतरवितो. एक लहानसा ट्रॅक्टर चार-पांच गाड्यांची माळ ओढीत त्या पेट्या इमारतीकडे नेतो. जेवणाचे डबे घेऊन वर उचलली जाणारी गाडी येते, पिण्याच्या पाण्याची येते, मैला काढून नेणारी येते, इंधन भरणारी येते. सर्वांच्या शेवटीं एक बुटका, अतिशय जड असा ट्रॅक्टर विमानाच्या नाकाशीं भिडतो आणि त्याला मागें ढकलतो. कारण आकाशांत हजारों मैल जाणारें हें यंत्र जमिनीवर चार पावलें मागें सरकण्याच्या कामीं बहुधा परावलंबीच असतें.

या गाड्या आजवर मुख्यतः डिझेलवर चालत आल्या आहेत. त्यांचा धूर, आणि तो नाहींसा करण्यासाठीं त्यांना विजेवर चालविण्याचा जो उद्योग जगांतील अनेक विमानतळांवर सुरू झाला आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

येथें एक शंका सहज निघते. विमानाचीं इंजिनें जेवढें इंधन जाळतात त्यापुढें या ट्रॅक्टरांचें जळण तें किती! हत्ती सोडून मुंगीच्या मागें लागण्याचा हा प्रकार नव्हे काय? हिशेबाच्या वहींत पाहिलें तर शंका खरी आहे. परंतु विमानाचा बराचसा धूर धांवपट्टीवर व आकाशांत निघतो. ट्रॅक्टराचा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, माणसापासून चार हातांवर निघतो. सामान चढविणारा कामगार, ज्याला विमानतळावर लोडर म्हणतात, तो विमानाच्या पोटांतील ठेंगण्या जागेंत गुडघे टेंकून पेट्या रचीत असतो. त्याच्या खालीं चालत्या पट्ट्याचें इंजिन धडधडत असतें, बाजूला ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून उभा असतो, आणि विमानाच्या शेपटींतील लहान इंजिनाचा ऊन झोत वाऱ्याच्या मर्जीप्रमाणें इकडे किंवा तिकडे वळत असतो. अंगमेहनतीमुळें त्याचा श्वासहि खोल आणि जलद चालतो. विमान गेलें कीं दुसरें येतें. प्रवासी या हवेंत पांच मिनिटें असतो. लोडर आठ तास असतो, आणि तेंहि वर्षानुवर्षें.

या हवेची गोष्ट चव्हाट्यावर आणण्याचें श्रेय डेन्मार्ककडे जातें. कोपनहेगनच्या विमानतळावर काम केलेल्या कांहीं कामगारांना कर्करोग झाला होता. तो कामाच्या जागच्या दूषित हवेमुळें झाला असण्याचा संभव तेथील औद्योगिक इजांच्या सरकारी मंडळानें २००८ सालीं मान्य केला. एखादा कारखाना किंवा खाण यांच्या बाबतींत असा निकाल लागला असता तर कोणी भुंवई उंचावली नसती. परंतु विमानतळ ही जागा लोकांच्या मनांत चकचकीत कांचांची, थंड हवेची. निकालानंतर साहजिकच हवा मोजणें आलें.

मोजणी झाली तेव्हां प्रथम जें दिसलें तें दिलासा देणारें होतें. हवेंतील सूक्ष्म धुळीचें वजन कांहीं भयंकर निघालें नाहीं. पण तुरीचें पोतें तोलणाऱ्या तराजूंत चिमूटभर बुक्का टाकला तर कांटा हलत नाहीं, म्हणून बुक्का नाहींच असें कोणी म्हणत नाहीं. इंधन जळून निघणारे जे अतिसूक्ष्म कण असतात, ते केसाच्या जाडीच्या पांचशेंव्या हिश्शाहूनहि लहान असतात. त्यांना जवळजवळ वजनच नसतें. ते तोलावयाचे नसतात, मोजावयाचे असतात. मोजल्यावर असें आढळलें कीं विमानें उभीं राहतात त्या फरसबंद पटांगणावर, ज्याला एप्रन म्हणतात तेथें, अशा कणांची संख्या शहरांतील अतिशय रहदारीच्या रस्त्याच्या दुप्पट ते तिप्पट होती. पुढें कामगारांच्याच अंगावर मोजण्याचीं यंत्रें बांधून तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. मुख्यतः इमारतींत काम करणाऱ्यांच्या वांट्यास हवेच्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्यें सरासरी ५,००० कण येत होते. सामान चढविणाऱ्यांच्या वांट्यास ३७,०००. जेवणाच्या गाड्यांचे चालक व विमान झाडणारे हे या दोहोंच्या मध्यें होते. एकाच विमानतळावर, एकाच आकाशाखालीं, हवेची ही अशी वांटणी!

या कणांनीं नेमकें किती नुकसान होतें याविषयीं मात्र घाईनें बोलूं नये. त्याच कोपनहेगनच्या कामगारांचा पुढें दीर्घकाल मागोवा घेतला असतां हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांशीं या कणांचा स्पष्ट संबंध दिसून आला नाहीं. प्रामाणिक शास्त्र असेंच असतें. तें आपल्या सोयीचें तेवढेंच बोलत नाहीं. तथापि डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करतो, हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं निःसंदिग्धपणें जाहीर केलेलें आहे. तेवढ्यावरून सावध होण्यास हरकत नसावी. कोपनहेगनमध्यें विमानतळाचे चालक, विमान कंपन्या आणि कामगारांची संघटना एकत्र बसलीं. थांबलेल्या गाडीचें इंजिन बंद करावें, विमानानें आपलें शेपटींतील इंजिन शक्य तितकें कमी वेळ चालवावें आणि नवी गाडी घेतांना विजेची मिळत असेल तर तीच घ्यावी, अशी दिशा त्यांनीं धरली. या तीनांपैकीं पहिल्या उपायाला छदामहि लागत नाहीं. तरीहि तोच अनेक ठिकाणीं होत नाहीं, हें नवल आहे.

आतां गाड्यांकडे वळूं. जगांत जेवढीं म्हणून वाहनें आहेत त्यांत विजेवर नेण्यास सर्वांत सोपीं कोणतीं, असें विचारलें तर विमानतळावरच्या या गाड्यांचें नांव पहिल्या ओळींत घ्यावें लागेल. मोटारीला वीज पुरेल कीं नाहीं ही धास्ती असते, कारण ती कोठें जाईल याचा नेम नसतो. सामानाचा ट्रॅक्टर मैल-दीड मैलाच्या फेऱ्या घालतो आणि घाण्याच्या बैलाप्रमाणें पुनः त्याच जागीं येतो. त्याची गति बेताची. चढ जवळजवळ नाहींच. शिवाय तो चालतो त्याहून अधिक वेळ उभा राहतो. विमानाची वाट पाहणें हाच त्याच्या दिवसाचा मोठा भाग असतो. डिझेलचें इंजिन उभ्या उभ्या तेल पितें आणि धूर ओकतें. विजेची मोटर उभी राहिली कीं खरोखरच उभी राहते. त्याच वेळांत तिच्या बॅटरींत थोडी वीज भरून घेतां येते.

बॅटरी फार जड असते ही विजेच्या वाहनांविरुद्धची जुनी तक्रार आहे. विमान ढकलणाऱ्या ट्रॅक्टराच्या बाबतींत ती तक्रारच उलटते. त्या ट्रॅक्टराला जड असावेंच लागतें, नाहींतर त्याचीं चाकें जागच्या जागीं फिरतील आणि विमान हलणार नाहीं. मोठीं विमानें ढकलणारे कांहीं ट्रॅक्टर तर पन्नास टनांच्या घरांत असतात, आणि पुरेसें वजन यावें म्हणून त्यांत मुद्दाम लोखंड भरावें लागतें. लोखंडाच्या जागीं बॅटरी बसली तर एका ओझ्यांत दोन कामें होतात. यांत नवलाईचें कांहीं नाहीं. इंग्लंडांत पहांटे घरोघर दूध पोंचविणाऱ्या बॅटरीच्या गाड्या कित्येक दशकें चालल्या. गुदामांत माल उचलणारीं यंत्रेंहि शिशाच्या बॅटरीवर दीर्घकाल चालत आलीं आहेत.

मुंबईकरांना तर धूर काढून वीज आणण्याचा अनुभव जुनाच आहे. १९०७ सालीं घोड्यांच्या ट्रॅमच्या जागीं विजेची ट्रॅम आली. १९१५ पासून खोपोलीच्या पाण्याची वीज गिरण्यांना मिळूं लागली. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची आगगाडी धांवली. त्या प्रत्येक वेळीं खर्चाची कुरकुर झालीच असेल. परंतु कोळशाची आगगाडी परत आणा असें नंतर कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

मात्र खोपोलीची वीज पाण्याची होती. सर्वच वीज तशी नसते. ट्रॉम्बेच्या व डहाणूच्या केंद्रांनीं मुंबईसाठीं वर्षानुवर्षें कोळसा जाळला आहे. तेव्हां सांताक्रूझचा धूर चेंबूरकरांच्या अंगणांत नेऊन टाकला, यापलीकडे काय साधलें, असा प्रश्न चेंबूरच्या माणसानें विचारल्यास तो अगदीं रास्त होईल. त्याचें उत्तर अर्धें समाधानकारक आहे. उभा राहून जळणाऱ्या इंजिनांत जें तेल फुकट जातें तें वाचतें. आणि एका धुराड्यावर गाळण्या बसविणें हें शेंकडों लहान नळकांड्यांवर बसविण्यापेक्षां सोपें असतें. उरलेलें अर्धें उत्तर वीज कशाची यावर अवलंबून आहे. कोचीनचा विमानतळ २०१५ सालापासून आपल्या गरजेएवढी वीज सूर्यप्रकाशापासून तयार करीत आला आहे. २०२२ सालीं दिल्लीच्या व मुंबईच्या विमानतळांनींहि आपण सर्व वीज पाणी, वारा, सूर्य अशा उगमांचीच घेत असल्याचें जाहीर केलें. यांतला बराच भाग खरेदीच्या करारांचा असतो. तारेंतून येणारा प्रवाह सर्वांचा एकच असतो, त्यावर कोणाचें नांव लिहिलेलें नसतें. तरीहि अशा खरेदीमुळें कोठेंतरी एखादी पवनचक्की उभी राहण्यास बळ मिळतें, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं.

एवढें सोपें काम असतां तें पूर्वींच का झालें नाहीं? खरी ग्यानबाची मेख येथें आहे, आणि ती यंत्रांत नसून मालकींत आहे. विमानतळाची जमीन एकाची, विमान दुसऱ्याचें, आणि विमानाभोंवतीं धांवणाऱ्या गाड्या बहुतेक ठिकाणीं तिसऱ्याच कंपनीच्या. या तिसऱ्या कंपनीला काम कंत्राटानें मिळतें. विजेचा ट्रॅक्टर घेतांना महाग पडतो. चालवितांना स्वस्त पडतो. म्हणजे आज घातलेला पैसा कांहीं वर्षांनीं वसूल होतो. परंतु कंत्राटाची मुदत तोंपर्यंत टिकेल याची शाश्वति काय? भाड्याच्या घराच्या अंगणांत कोणी नारळ लावीत नाहीं, तसेंच हें. बरें, ट्रॅक्टर घेतलाच तरी वीज भरण्याची सोय जमिनीच्या मालकानें करावयाची, आणि विमानतळावर विमानाजवळची जमीन म्हणजे सोन्याचा तुकडा. ज्याच्या फुप्फुसांत धूर जातो तो लोडर या तिघांपैकीं कोणीच नव्हे. त्याची सही कोणत्याहि करारावर लागत नाहीं.

जेथें हा गुंता सुटला तेथें तो जमिनीच्या मालकानें किंवा सरकारनें हात घातल्यावरच सुटला, असें दिसतें. अमेरिकेंत २००४ सालापासून, हवा दूषित असलेल्या शहरांतील विमानतळांना कमी धुराच्या गाड्यांसाठीं व वीज भरण्याच्या यंत्रांसाठीं सरकारी पैसा मिळण्याची योजना झाली. २०१९ सालीं लॉस एंजलिसच्या परिसरांतील पांच विमानतळांनीं तेथील हवा राखणाऱ्या मंडळाशीं करार करून या गाड्यांचा धूर टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें बंधन पत्करलें. हाँगकाँगनें तर आणखी धीट पाऊल टाकलें. एप्रनच्या बाजूस फिरणाऱ्या सर्व लहान मोटारी विजेच्याच असल्या पाहिजेत असा दंडक तेथें २०१७ पर्यंत अमलांत आला; आणि पुढच्याच वर्षापासून विमानतळ प्राधिकरणानें सामान हाताळण्याचीं साधनें स्वतः विकत घेऊन तीं काम करणाऱ्या कंपन्यांना भाड्यानें देण्यास आरंभ केला. गांवच्या लग्नांतलीं मोठीं भांडीं एकेका घरानें न घेतां देवस्थानानें घ्यावीं आणि ज्याच्या घरीं कार्य असेल त्यानें नेऊन परत आणून द्यावीं, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्यांत भांडीं कमी लागतात आणि चांगलीं घेतां येतात. विमानतळालाहि ती लागू पडते. चार कंपन्यांचे चार-चार ट्रॅक्टर रिकामे उभे राहण्यापेक्षां थोडेच ट्रॅक्टर सर्वांसाठीं फिरते राहणें बरें. त्यामुळें एप्रनवरची गर्दीहि कमी होते.

गाड्या विजेच्या झाल्या तरी एक मोठा धूर उरतोच. विमानाच्या शेपटींत एक लहानसें इंजिन असतें. मोठीं इंजिनें बंद असतांना दिवे, यंत्रें आणि थंड हवा यांसाठीं तें चालवितात. मध्यम आकाराच्या विमानांत तें ताशीं सुमारें शंभर किलो इंधन जाळतें. तें बंद ठेवावयाचें तर विमानाला जमिनीवरून वीज व गार हवा पुरविली पाहिजे. घरांतील वीज मात्र विमानास चालत नाहीं. आपल्या तारांतून येणारा प्रवाह सेकंदास ५० वेळां दिशा बदलून पूर्ववत् होतो. विमानांतला ४०० वेळां होतो. याचें कारण असें कीं आवर्तनें जितकीं जलद, तितकीं रोहित्रें व मोटरी लहान आणि हलक्या करतां येतात, आणि विमानांत तर प्रत्येक शेर वजनाचा हिशेब असतो. म्हणून मधें एक प्रवाह बदलणारें यंत्र लागतें. कांहीं ठिकाणीं तें प्रवासी-पुलाखालीं कायमचें बसविलेलें असतें. नसेल तेथें डिझेलवर चालणारें जनित्र चाकांवर ओढून आणतात. मग विमानाचा धूर थांबतो आणि जनित्राचा सुरू होतो! अलीकडे याहि कामासाठीं मोठ्या बॅटऱ्यांचे गाडे निघाले आहेत. वैशाखांतल्या मुंबईंत मात्र विजेपेक्षां गार हवेची पंचाईत अधिक. बाहेरून येणारी गार हवा अपुरी पडली तर वैमानिक शेपटींतलें इंजिन सुरू करणारच, आणि दीडशें माणसें आंत घामाघूम होत असतां त्याला दोष देतां येत नाहीं. तेव्हां विजेचे ट्रॅक्टर घेऊन गार हवेच्या यंत्रांत काटकसर करणारा विमानतळ पुढच्या दारानें धूर काढून मागच्या दारानें आंत घेतो.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यांना या सर्वांतून किती लाभ होईल याविषयींहि अतिशयोक्ति नको. लॉस एंजलिस येथील संशोधकांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें कीं विमानतळाकडून वारा येत असतां दहा किलोमीटरवरहि अतिसूक्ष्म कणांची संख्या चौपट होते. तो प्रामुख्यानें उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांचा प्रताप. ट्रॅक्टर बदलल्यानें तो थांबणार नाहीं. विमानानें धांवपट्टीपर्यंत आपलीं इंजिनें न पेटवितां ओढून नेलें जावें, हा त्या दिशेचा एक प्रयत्न आहे. १५ ऑक्टोबर २०१९ रोजीं दिल्लीहून मुंबईस निघालेलें एअर इंडियाचें प्रवासी विमान अशा रीतीनें टॅक्सीबॉट नांवाच्या ट्रॅक्टरानें नेलें. त्या जातीच्या एअरबस विमानाच्या बाबतींत जगांतील तो पहिलाच प्रसंग होता. हा ट्रॅक्टर स्वतः डिझेल व वीज या दोहोंवर चालतो, हें जातां जातां सांगावयास हवें.

मुंबईचा विमानतळ म्हणजे वस्तीच्या कुशींत सांपडलेली जागा. एका अंगास विलेपारलें, दुसऱ्या अंगास कुर्ला, भिंतीला टेंकलेल्या झोपड्या, आणि धांवपट्टीखालून वाहणारी मिठी नदी. २०२३-२४ या एका वर्षांत पांच कोटींहून अधिक प्रवासी येथून गेले-आले. विमानतळ चालविणाऱ्या संस्थेनें २०२३ सालीं स्वतःच्या ताफ्यांत चाळीसांहून अधिक विजेच्या गाड्या आणल्या आणि आपला कार्बनचा हिशेब २०२९ पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. स्वतःच्या गाड्या बदलणें हा भाग सोपा. खरी कसोटी लागते ती इतर कंपन्यांच्या ट्रॅक्टरांशीं. त्यांतच आपला पावसाळा. २६ जुलै २००५ च्या पावसानें हा विमानतळ बंद पाडला होता. तेवढा प्रलय नेहमीं येत नसला तरी आषाढांतल्या सरींत उघड्या एप्रनवर वीज भरण्याचीं टोंकें कोरडीं व निर्धोक राखणें हें युरोपांतल्या पुस्तकांत न सांपडणारें काम आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: विजेचा ट्रॅक्टर आवाज करीत नाहीं. कान झांकून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या लोडराला तो आलेला कळत नाहीं. त्यासाठीं दिवे, इशारे आणि चालकांचें शिक्षण हवें.

जुन्या विमानतळावर तारा पुरावयाच्या तर फरसबंदी फोडावी लागते, आणि ज्या फरशीवर दिवसरात्र विमानें उभीं राहतात ती फोडण्यास मोकळा वेळ मिळणें कठीण. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. त्याचा पुढचा विस्तार व्हावयाचा आहे. तेथें काँक्रीट ओतण्यापूर्वींच तारांच्या नळ्या घालून ठेवतां येतात. नंतर त्याच कामाला कितीतरी अधिक खर्च येतो. आणि सांताक्रूझहून निघालेल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांचें काय करावयाचें हेंहि आतांच ठरविलें पाहिजे. असे ट्रॅक्टर मोडींत जात नाहींत. ते वापरलेल्या मालाच्या बाजारांत जातात आणि तेथून एखाद्या लहान शहराच्या विमानतळावर पोंचतात. तेथेंहि लोडर असतोच.